टॉवरसमोरचं माहेर

मंगळवारी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, मी फोनवरून एक मीटर मागवला. बस्स, एवढंच केलं मी. एका हातात भाकरीचा तुकडा होता आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं. पुढं जे रामायण झालं त्याला मी जबाबदार नाही, असं माझं आजही म्हणणं आहे (ते ऐकून घ्यायला घरात कुणी तयार नाही, म्हणून इथं लिहितोय).

मी शिवपुत्र. उमरग्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं क्लार्क आहे. मुलांना शिकवणं हे माझं काम नाही. मुलं शिकली असं कागदावर दिसणं हे माझं काम. माझा हातखंडा दोन गोष्टींत. एक अर्ज लिहिण्यात, आणि दुसरा तपासणीत. वरून साहेब यायचे म्हटलं की मुख्याध्यापकांना घाम फुटतो आणि मला हुरूप येतो. मोडके बाक मागच्या खोलीत, कोरे करकरीत नकाशे भिंतीवर, दारात रांगोळी, फाटकावर 'सुस्वागतम'चा फलक आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आमच्याकडे रोज असंच असतं' असा भाव. सत्तावीस वर्षांत एकाही साहेबानं खराब शेरा मारलेला नाही.

तर आमची एकुलती एक लेक प्रतीक्षा सास्तूरला दिलीय. तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कायदा मोडलेला चालतो, हे मोडलेलं चालत नाही. माझी बायको महेश्वरी चार महिन्यांपासून तयारीला लागली होती. रस्त्याकडची खोली रिकामी केली, बाज नव्यानं विणून घेतली, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक-खारका डब्यांत भरल्या. तिच्या आईनं दिलेलं तांब्याचं घंगाळ तिनं चिंचेनं घासून इतकं लख्ख केलं, की त्यात बघून दाढी करता आली असती (एकदा केली, पुन्हा करणार नाही). त्या घंगाळातल्या पाण्यानं नातवंडाला पहिलं न्हाऊ घालायचं, हे तिनं प्रतीक्षाच्या लग्नातच ठरवलं होतं.

आणि मग सास्तूरहून विहीणबाईंचा फोन आला. शिवम्मा विहीणबाई तशा मायेच्या आहेत, पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांचे यजमान शरणबसप्पा वर्षातून चार वाक्यं बोलतात, बाकीची त्यांच्या वाटणीची याच बोलतात.

"इवाई, राग मानू नगा. पण तुमच्या दारासमोर त्यो मोबाइलचा टॉवर हाय न्हवं?"

आहे. समोरच्या वीरप्पाच्या गच्चीवर आठ वर्षांपासून आहे. मी रोज सकाळी त्याच्याकडं बघत दात घासतो.

"हाय की. का बरं?" मी म्हणालो.

"त्याच्या लहरी पोटातल्या लेकराला बाधत्यात म्हणं. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आलंय. खरं-खोटं मला ठाव न्हाय. पण कुणी सरकारी माणसानं मोजून, काई भ्या न्हाय म्हणून कागद दिला, तर पोरीला पाठवते. न्हायतर बाळंतपण हितंच करते. मला काय जड न्हाय."

फोन स्पीकरवर होता. महेश्वरी रडली नाही, भांडली नाही. रस्त्याकडच्या खोलीत गेली आणि त्या नव्या बाजेवर जाऊन बसली. मी दारात उभा राहिलो. बाजेवरून हात फिरवत ती म्हणाली, "कागद आणा." सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं मागितलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या निम्म्या मी विसरलेलो.

त्याच दिवशी मी अर्ज केला. 'विषय : राहत्या घरासमोरील टॉवरच्या लहरी मोजून मिळणेबाबत.' दीड पान, तीन संदर्भ, शेवटी 'सदर बाब नाजूक अवस्थेशी निगडित असल्याने'. दूरसंचार खात्याचं उत्तर आलं : पुढल्या महिन्यात, गुरुवारी, अकरा वाजता इंजिनिअर येतील. सास्तूरला कळवलं, तर विहीणबाई मोजणी बघायला स्वतः येतो म्हणाल्या. दुसरा एखादा माणूस स्वस्थ बसला असता. पण साहेब येण्याआधी आपण एकदा आतून तपासून घ्यायचं, ही माझी सत्तावीस वर्षांची सवय. म्हणून तो मीटर.

मीटर आला. साबणाच्या वडीएवढा. वर एक फिरकी, तिच्यावर तीन खुणा, आणि माहितीपत्रक चिनी भाषेत. मी फिरकी पहिल्या खुणेवर ठेवली. पहिली ती पहिली, हा ऑफिसचा नियम. चालू करून रस्त्याकडच्या खोलीत शिरलो, तर कोपऱ्यातल्या वायरींच्या बोर्डाजवळ त्यानं लाल दिवा लावून असा काही टाहो फोडला की वीरप्पाची म्हैस दावं तोडायला लागली.

"अगं बया! किती आलं?" महेश्वरी म्हणाली.

"लाल," मी म्हणालो.

"लाल म्हंजी किती?"

"लाल म्हणजे नापास."

मग आम्ही घरभर फिरलो. स्वयंपाकघरात फ्रिजजवळ लाल. देवघरात तर कहर. तिथं रंगीत दिव्यांची माळ आहे आणि आपोआप ढोल-घंटा वाजवणारं यंत्र आहे. मीटर त्याच्याजवळ गेला तो गप्पच होईना. मी कपाळाला हात लावून अनुमान काढलं : लहरी खिडकीतून आत येतात, फ्रिजवर आपटतात आणि देवघरात जमा होतात.

"देव न्हाय का अडवत त्यांस्नी?" महेश्वरीनं विचारलं.

"देवाच्या काळात टॉवर नव्हते," मी म्हणालो.

सबंध घरात एकच जागा हिरवी निघाली. न्हाणी. तिथं मीटर अगदी गप्प. मी आनंदानं ओरडलो, "सापडली जागा! बाज आडवी बसते का बघू, दीड-दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

महेश्वरीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी वर्णन करणार नाही. "माझ्या लेकीला न्हाणीत निजवताव? तिथला बल्ब संक्रांतीपासनं गेलाय, तेवढा तरी बसवलाव का?"

बल्बाचा विषय मी तिथंच सोडला. (तो सोडायला नको होता, हे नंतर कळलं.)

दुसरा मार्ग फोनवरच सापडला. धातूच्या आड लहरी येत नाहीत! परसात जुन्या गोठ्याचे पत्रे पडले होते. ते मी रस्त्याकडच्या खोलीच्या भिंतींना आतून ठोकले. पत्रे कमी पडले तिथं पराती लावल्या. खिडकीला पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाचे चार थर. महेश्वरी आधी कटकट करत होती. मग बघता बघता तीच खिळे हातात द्यायला लागली. तवे आले, झाकण्या आल्या, रुखवतातली पितळी ताटं आली. शेवटी बाजेच्या डोक्याशी एक मोठी फट राहिली. ती आत गेली आणि ते घंगाळ घेऊन आली.

"अगं, हे राहू दे," मी म्हणालो.

"लावा. लेकरूच आलं न्हाय तर न्हाऊ कुणाला घालू ह्याच्यात?"

मला हातोडी उचलवेना. मी ते घंगाळ खिळा न ठोकता, सुतळीनं कडीला धरून हळूच बांधलं. आणि मीटर लावला. लाल तो लालच! पत्र्यांच्या आत, घंगाळाच्या आड, तेवढाच टाहो.

"आता वो?" महेश्वरी म्हणाली.

"लहरी आत कोंडल्या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तर इंजिनिअर यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, अशी परिस्थिती होती. दुपारपासून आम्ही दोघं त्या पत्र्याच्या डब्यात बसून लहरी बाहेर काढायचा विचार करत होतो. दोघांचेही फोन तिथंच बाजेवर. त्या खोलीत आता फोनला नेटवर्कची एक काडीही येत नव्हती, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

गुरुवारी पहाटे मी उठलो तो अंगात तपासणी घेऊनच. शाळेतून 'सुस्वागतम'चा फलक आणला होता, तो फाटकाला लावला. महेश्वरीनं रांगोळी घातली. मग मी गल्लीत घरोघर फिरलो. "दहा ते एक सगळ्यांनी फोन बंद ठेवा. साहेब मोजायला येणारेत." प्रतीक्षा साऱ्या गल्लीची लाडकी, त्यामुळं कुणी नाही म्हणालं नाही. आमच्या घरातला फ्रिज बंद केला, पंखे बंद, देवघरातली माळ बंद. वीरप्पा गच्चीवर ज्वारी वाळत घालत होता. त्याला खालूनच विचारलं, "तेवढा टॉवर बंद करतोस का तासभर?"

"त्याचं बटण माझ्या हातात असतं तर काय पायजे होतं रं?" वीरप्पा म्हणाला. "माझी फकस्त गच्ची हाय. पण तू म्हणायलास तर झाकून टाकू का? लग्नातली सतरंजी हाय घरात."

मी क्षणभर विचार केला, हे कबूल करतो. पण सतरंजी वरपर्यंत पोचली नसती.

अकराला इंजिनिअर आले. कृष्णराज नाव, तिशीचे, पाठीवर बॅग आणि काखेत तीन पायांचं स्टँड. त्यांनी फलक वाचला, रांगोळी ओलांडली आणि खोलीच्या दारात थबकले. आत भिंतभर पत्रे, पराती, तवे, पितळी ताटं, मधोमध बाज.

"इथं भांड्यांचं दुकान आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाळंतिणीची खोली," मी म्हणालो. "आमच्याकडे रोज असंच असतं."

हे वाक्य तोंडातून सवयीनं गेलं. ते काही बोलणार, तेवढ्यात बाहेर जीप थांबली. शरणबसप्पा उतरले, शिवम्मा विहीणबाई उतरल्या, आणि त्यांच्या मागून पोटावर हात ठेवून, हळूहळू, आमची प्रतीक्षा. महेश्वरी पायात चप्पल न घालताच धावली.

"काल सा येळा फोन लावला," विहीणबाई म्हणाल्या, "पोरीला बी संगं आणतोय म्हणून सांगाया. दोघांचा बी लागंना. म्हणलं, टॉवरखाली राहत्यात आन् फोन लागंना, हे कसं?"

"मीही दोनदा लावला होता," कृष्णराज म्हणाले. "रोजचं घर जसं असतं तसंच ठेवा, हे सांगायला." पण अजून मोजणी व्हायची होती. त्यांनी स्टँडवर एक पांढरा गोळा बसवला आणि यंत्र चालू केलं. यंत्र सहा मिनिटं मोजत राहिलं.

"मर्यादा शंभर धरली," ते म्हणाले, "तर इथं एकसुद्धा भरत नाही."

महेश्वरीनं हात जोडले. मी शाळेतल्यासारखा पुढं झालो, "साहेब, चहा घ्या आणि शेरा लिहा."

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. त्या खोलीभर फिरल्या. पत्र्यावर टकटक करून बघितलं. वर पंख्याकडं बघितलं, बाहेर जाऊन गल्लीकडं कान दिला. "पंखा बंद. फ्रिज बंद. गल्लीत एकाचा बी फोन वाजंना, आमच्या सास्तूरला मसणवट्यात बी वाजतो. भिताडाला पत्रं. इवाई, हे मोजमाप म्हणायचं का झाकपाक?"

प्रतीक्षानं माझ्याकडं बघितलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तपासणी केली की काय?"

लेकीनं ओळखलं. खोटं बोलायची सोय राहिली नाही. मी मान हलवली.

"मग हा कागद मला नगं," विहीणबाई म्हणाल्या. "माझी सून हाय, नातू-नात माझं बी हाय. झाकून मोजलेलं काय कामाचं? चल गं प्रतीक्षा."

महेश्वरी एका हातानं लेकीचा दंड धरून उभी होती. तो हात सुटेना. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं. चार महिने तिनं मांडलेलं मी एका सकाळी उधळलं होतं.

"पत्रे काढतो," मी म्हणालो. "सगळे. साहेब, परत मोजा. नापास तर नापास."

खिळे उपसताना अर्धे तवे माझ्या पायावर पडले. घंगाळ मात्र मी आधी सोडवून महेश्वरीच्या हातात दिलं. मग फ्रिज लावला, पंखे लावले, देवघरातला ढोल सुरू केला. वीरप्पानं गच्चीवरून हाळी दिली, "सगळ्यांनी फोन चालू करा रंऽऽ!" गल्लीनं दोन तासांचा उपास सोडला. जो तो कुणाला ना कुणाला फोन लावत सुटला. वीरप्पा तर टॉवरला टेकून हैदराबादच्या जावयाशी व्हिडिओवर बोलायला लागला.

पुन्हा सहा मिनिटं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी साहेबासमोर काहीही न आवरता उभा होतो.

कृष्णराजांनी आकडा बघितला. "मघापेक्षा थोडा वाढलाय," ते म्हणाले. महेश्वरीनं डोळे मिटले. "शंभरात दोनसुद्धा नाही. आजी, या, तुम्ही स्वतः बघा."

विहीणबाईंनी चष्मा लावून आकडा बघितला. मग स्वतःच्या पदरानं यंत्राचा पडदा पुसला आणि परत बघितला. "लिव्हून द्या," त्या म्हणाल्या. आणि प्रतीक्षाची पिशवी जीपमधून आणायला स्वतः गेल्या. महेश्वरी तेव्हा रडली.

मला एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. पण मी खिशातून माझा मीटर काढला. "साहेब, मग हा का ओरडत होता?"

त्यांनी तो हातात घेऊन फिरकी बघितली. "काका, ही खूण घरातल्या विजेची आहे. फ्रिज, पंखा, वायरी, यांचं मोजते. त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. टॉवरची खूण तिसरी."

"आणि न्हाणी हिरवी कशी?"

"तिथं वीज चालू नसेल."

"संक्रांतीपासनं न्हाय," महेश्वरी डोळे पुसत म्हणाली.

त्यावर हसले ते शरणबसप्पा. त्या माणसाला हसताना मी प्रथमच बघत होतो. हसून झाल्यावर त्यांनी वर्षाच्या कोट्यातलं एक वाक्य काढलं, "इवायास्नी आपल्या शेतातल्या आखाड्यावर न्हेऊ या का दोन महिने?"

मला वाटलं, चेष्टा आहे. पण दोन्ही विहिणींनी एकमेकींकडं बघितलं. घर पास झालं होतं, टॉवर पास झाला होता, घरात धोका असा आता एकच उरला होता. माझी साठलेली रजा शाळेत पडून होतीच. रजेचा अर्ज महेश्वरीनं स्वतः लिहिला. एका ओळीचा. इतका चांगला अर्ज मी जन्मात लिहिला नव्हता, सायंकाळी मंजूर.

लेकीच्या सासरी बापानं पाणीसुद्धा पिऊ नये, असं माझे वडील मानायचे. मी तिथं दोन महिने जेवलो; बोलावल्याशिवाय घरी यायचं नाही, असा महेश्वरीचा हुकूम होता. लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि बाप तिच्या सासरी गेला, असा प्रकार आमच्या भावकीत पहिलाच. आखाडा म्हणजे शेतातलं राहतं खोपट, गावापासून दोन कोस लांब. शरणबसप्पा दिवसभर माझ्याशेजारी बसून काही बोलत नसत. मीटर बरोबर नेला होता. तिसऱ्या खुणेवर ठेवून सगळं शिवार फिरलो. सगळीकडं हिरवा. असं सुरक्षित ठिकाण जिल्ह्यात नसेल, कारण तिथं नेटवर्कच नव्हतं.

नात झाली, हे मला शेजारच्या शेतातल्या माणसानं मोटारसायकलवर येऊन सांगितलं. तिचा फोटो बघायला मला विहिरीजवळच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागलं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर एक हात वर करून धरला की एक काडी येते. फोटो वरून खाली उघडत आला : आधी महेश्वरीचे हात, मग घंगाळाची कड, मग ओलं जावळ. कपाळापर्यंत आला आणि काडी गेली. नाक कुणावर गेलंय ते मला आठ दिवस कळलं नाही. मी टाकीवर बसून चक्क रडलो.

खाली उतरलो आणि अर्ज लिहिला. 'विषय : सास्तूर शिवारातील आखाड्यासमोर मोबाइल टॉवर उभारून मिळणेबाबत.' तीन पानं, सात संदर्भ. कंपनीचं उत्तर आलं : जागेच्या पाहणीला माणसं गुरुवारी येतील.

तपासणी! माझ्या अंगात वारं शिरलं. आखाड्याभोवतीचं तण काढावं, टाकीला चुना द्यावा, शाळेतला फलक मागवावा, असा विचार करत मी बसलो होतो. तेवढ्यात शरणबसप्पांनी त्या वर्षातलं आणखी एक वाक्य खर्च केलं.

"इवाई," ते म्हणाले, "गुरुवारी तुमी जरा उमरग्याला, घरी जाऊन या."

मी शिडीवर धावत चढलो, हात वर केला आणि महेश्वरीला फोन लावला. "नातीला बघायला येतोय!"

"या की," ती म्हणाली. "पण मीटर तिथंच ठेवून या. आन् शिवम्मा ईनबाई बी हितंच हायत, फाटकावर पिशवी उघडून बघणारेत. तुमची तपासणी झाल्याबिगर आत न्हाय."